पोकळ गिलावा

१

भिंतीला आधी विचारावं, मग छिन्नी लावावी. विचारायचं म्हणजे स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचा आणि त्याच्या मुठीने भिंत ठोकत जायचं. गिलावा विटेला धरून असेल तर आवाज टणक येतो, सुटला असेल तर बद्द येतो. मग त्या पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारायची, म्हणजे कुठे हात लावायचा नाही ते कळतं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण भिंतीचा आवाज कळतो. मी वायरमन आहे.

आईला हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. जन्मभर शिवणयंत्रावर वाकून सुताची धूळ नाकात घेतली, त्यात तिची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी बजावलं होतं की ऑक्सिजनचं मशीन सतत लागेल आणि ते एक्स्टेन्शनवर चालवायचं नाही, भिंतीतल्या पक्क्या सॉकेटवरच चालवायचं. प्लग सैल झाला की मशीन बंद, मशीन बंद झालं की आईचे ओठ निळे. इतकं ते सरळ होतं.

आमच्या घरी जिने होते आणि ते तिला झेपणारे नव्हते. म्हणून मी आणि ताईने त्याच गल्लीत तळमजल्यावरचं एक जुनं घर भाड्याने घेतलं. बाहेर एक खोली, आत स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत पलंग एकाच भिंतीला लागत होता, कारण बाकीच्या भिंती दार, खिडकी आणि कपाटाने अडवलेल्या होत्या.

ती भिंत मी ठोकली. पलंगाचं पायथ्याचं टोक जिथे येणार होतं तिथे, गुडघ्याच्या जरा वर, बद्द आवाज आला. खडू फिरवत गेलो. पोकळी आडवी निघाली, चांगली लांबलचक, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळती. जुन्या चुन्याच्या गिलाव्याला असं होतंच. कधी ओल धरली असेल, मी म्हटलं.

सॉकेट मी त्या पोकळीपासून लांब, उशाकडे घेतलं. गिलावा काढून थेट विटेपर्यंत गेलो, विटेत भोकं पाडून स्क्रू धरायला लाकडी गुट्ट्या ठोकल्या आणि लोखंडी डबा विटेवर स्क्रूने कसला. आता कडेने सिमेंट-वाळूचा माल भरायचा. त्याआधी जुन्या कडा भिजवाव्या लागतात, नाहीतर भिंत मालातलं पाणी ओढून घेते आणि माल तडकतो. भिंत पाणी पिते, असं आम्ही म्हणतो. ही भिंत जरा जास्तच प्यायली. तांब्या संपत आला तरी कडा कोरड्या. शेवटचं पाणी मारलं तेव्हा आतून घोट गिळल्यासारखा आवाज आला.

"पी बाई, तहान लागली असेल," मी म्हणालो. एकटा काम करताना मी भिंतींशी बोलतो. ताई म्हणते, तेवढंच माझं मित्रमंडळ.

प्लेटला तीन घरं होती. एकात स्विच, एकात सॉकेट, तिसरं रिकामं आणि त्यावर कोरी पट्टी. माल सुकल्यावर मी प्लेट दोन्ही हातांनी धरून जोर लावून ओढली. तसूभर हलली नाही. इतकं समाधान मला फार कमी कामांनी दिलंय.

२

आई आली ती थट्टा करतच आली, पण तुकड्या-तुकड्याने. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. हॉस्पिटलच्या दारात मी तिची चाकाची खुर्ची ढकलत असताना तिने मला "ठिणग्या, हळू चालव" असं म्हटलं, आणि ती तिने मारलेली शेवटची हाक. लहानपणी मी सॉकेटमध्ये तिची सुई घातली होती, तेव्हापासून मी ठिणग्या. हे नाव फक्त तिचं. ताईने घेतलं तर मी भांडतो.

घरी आल्यावर हाक मारायला तिला दम पुरेना. मी स्वयंपाकघरात असलो तर ऐकू कसं यायचं? तोडगा मीच काढला. शिवताना बोटात घालायची पितळी टोपी तिने हॉस्पिटलमध्येही काढली नव्हती.

"तू बोलू नकोस. टोपीने भिंतीवर ठोक. भिंतीतला आवाज मला कुठूनही कळतो," मी म्हणालो.

"जन्मभर... भिंतीवर डोकं आपटलं," आई म्हणाली. "आता टोपी."

तिने ठोकून दाखवलं. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक. टक टक, टक.

"हे तुझं... नाव समज."

तेव्हापासून घरात दोन आवाज राहिले. मशीनची घरघर, आणि अधूनमधून पितळेची ती टकटक. पाणी हवं, उशी सरकवायची, खिडकी लावायची, सगळ्याला तेच. मी लगेच धावायचो. ताई सकाळी शाळेत शिकवायला जायची आणि दुपारी परतायची, तोवर मी बाहेरची कामं घेत नव्हतो. सकाळ-संध्याकाळ आईच्या पाठीवर पंज्याची वाटी करून थोपटायचं होतं, कफ सुटावा म्हणून. नर्सने शिकवलं होतं. आईच्या पाठीचा आवाज भरलेला, ओला यायचा. दर वेळी मी कानाने अंदाज घ्यायचो, आज बरी आहे की कालच्यापेक्षा वाईट.

"ठोक... ठोक," आई म्हणायची. "कुठे पोकळ लागली... तर सांग."

३

ताईला खडूची रेघ सहन होत नव्हती.

"आजारी माणसाच्या खोलीत हे काय काढून ठेवलंयस? पोलीस काढतात तसं दिसतं," ती फडकं घेऊनच आली होती.

"थांब, पुसू नको. तिथे खिळा ठोकशील आणि अर्धी भिंत खाली येईल."

तिला पटावं म्हणून मी रेघेच्या आत ठोकून दाखवलं. टणक. पुन्हा ठोकलं. टणक. पूर्ण रेघेच्या आत कुठेही पोकळ लागेना. मी खाली वाकलो, मूठ बदलली, बोटांच्या पेरांनी ठोकलं. विटेला घट्ट धरलेला, नव्यासारखा गिलावा.

"झालं का तुझं विचारून?" ताई म्हणाली आणि रेघ पुसून टाकली.

ती आत गेल्यावर मी भिंत पुन्हा ठोकत निघालो. पलंगाच्या मधोमध, आईच्या कमरेशी, बद्द. नवा खडू घेतला. पोकळी तेवढीच होती, तोच आकार, तेच रुंद टोक. फक्त उशाकडे सरकलेली.

माणूस स्वतःची समजूत घालण्यात पटाईत असतो. मी मनाला सांगितलं की आपण पहिल्या दिवशी घाईत होतो, खोली रिकामी होती, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. मग बाहेर जाऊन भिंतीची मागची बाजू पाहिली. तिकडे अरुंद बोळ, उघड्या विटा, त्यावर कोवळं ऊन आणि कोणाचीतरी वाळत घातलेली चादर. ना पाइप, ना शेजारी. भिंत हातभर जाड. तिच्यात काही मावायला जागाच नव्हती.

तरी मी माझ्या ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. त्याला सगळे थापाड्या म्हणतात, कारण हातात थापी आणि तोंडात थापा. तो आला, आईला नमस्कार केला आणि ठोकायला लागला.

"हे तर सुटलंय रे," तो म्हणाला.

"आणि परवा इथे होतं, पायाशी. आता तिथे टणक आहे."

"लेका, गिलावा एकदा सुटला की सुटला. तो परत चिकटत नाही. आणि सरकत तर मुळीच नाही, ती काय गोगलगाय आहे?"

"मग ठोक ना पायाशी."

त्याने ठोकलं. मग परत कमरेशी ठोकलं. मग त्याने माझ्या खडूच्या रेघेकडे नीट पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुशीवर झोपलेल्या माणसाभोवती रेघ मारली तर अशीच दिसेल, हे मला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. पलंगावर आईही भिंतीकडे तोंड करून तशीच झोपली होती.

"सगळा खरवडून नवीन करायचा," तो हळू आवाजात म्हणाला. "पण धूळ उडेल. म्हातारीला धूळ चालायची नाही. तिला हलव, मग बघू."

हलवायचं कुठे, ते मलाही माहीत नव्हतं आणि त्यालाही. तो चहासुद्धा न घेता गेला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

४

माझ्या हातांना चैन पडेना. दर तासाला काहीतरी निमित्त काढून मी बाहेरच्या खोलीत जायचो आणि प्लेट हलवून बघायचो. ती हलत नव्हती, उलट जास्तच घट्ट झाली होती. माझी एक खोड आहे, स्क्रू कसून झाला की त्याची खाच उभी ठेवायची. स्क्रू जरासा जरी फिरला तरी लांबून दिसतं. एका सकाळी पाहिलं तर दोन्ही खाचा आडव्या. सैल होऊन नव्हे, आणखी कसल्या जाऊन. प्लेट नव्या मालात किंचित रुतली होती.

माल सुकताना आत ओढतो, मी स्वतःला सांगितलं. वायरमनच्या जातीला असली कारणं तोंडपाठ असतात.

त्या दुपारी आई जरा खुशीत होती. मी तिची उशी नीट करत होतो.

"तू परत ठोकतोस ना," ती म्हणाली, "ते... बरं वाटतं."

"काय परत ठोकतो?"

"मी ठोकलं की... तू पण. आतून. तसंच." तिने श्वास घेतला. "एकटं... वाटत नाही मग."

मी कधीही परत ठोकलं नव्हतं. ठोकणं ऐकलं की मी हातातलं टाकून धावायचो, ठोकायला मला वेळ कुठे होता? पण तिचा चेहरा इतका सुखावलेला होता की ते तिला सांगवेना. मला फार भीती वाटली आणि ती तिला दिसू नये म्हणून मी खिडकीचा पडदा सारखा करत बसलो.

मग मी बाजारातून एक घंटी आणली.

"आजपासून ही वाजवायची. भिंत बंद."

"का? तुझ्या भिंतीला... दुखतं?"

"हो, तसंच समज."

तिने घंटी वाजवून पाहिली, नाक मुरडलं आणि उशाशी ठेवली. मी पाठ फिरवताच टोपी वाजली. टक टक, टक. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबलो आणि श्वास रोखून ऐकलं. उत्तर आलं. पितळेचं नव्हे, मऊ, बोटाच्या पेराने ठोकल्यासारखं. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक.

मला ऐकू यावं म्हणून मी तिला भिंतीवर ठोकायला सांगितलं होतं. ऐकणारा मी एकटाच असेन, हे मी गृहीत धरलं होतं.

मी परत खोलीत गेलो आणि आईला ओलांडून भिंत ठोकली. पोकळी आता बरोबर तिच्या शेजारी होती. तिच्या डोक्याशी डोकं, गुडघ्यांशी गुडघे. पलंग मी त्याच क्षणी ओढून खोलीच्या मध्यात घेतला. मशीनची वायर ताणली गेली तेवढा. दाराची वाट अडली, ताई आल्यावर ओरडणार होती, ओरडू दे. हॉस्पिटलला फोन करून मी दोन दिवसांनी एक खाट मिळेल असं कबूल करून घेतलं.

५

दुसऱ्या सकाळी आईच्या नाकातली नळी चिरली. दुकान गल्लीच्या तोंडाशीच. जुन्या नळीला चिकटपट्टी लावून मी तिला म्हणालो, "आलोच. घंटी हातात धर." तिने मान हलवली. तिच्या बोटातली टोपी घंटीवर किणकिणली.

नळी घेऊन वळलो तोच मशीनची शिट्टी ऐकू आली. वीज तुटली की ते ओरडतं. गल्लीभर ओरडत होतं. मी कसा पळालो ते मला आठवत नाही. कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पडली एवढं आठवतं.

पलंग पुन्हा भिंतीला लागलेला होता. प्लग निघून जमिनीवर पडला होता. आणि आई पलंगावर ताठ बसली होती, पाय खाली सोडून, नाकात नळी नाही. ओठ लालबुंद.

"ते बंद कर आधी," ती एका दमात म्हणाली. "कान किटले माझे."

मी तिच्या पायाशी बसलो आणि रडलो. आनंदानेच रडलो, खोटं कशाला बोलू? तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता आणि बोटात टोपी नव्हती.

"टोपी कुठाय?"

"पडली कुठेतरी. काय करायचीय आता?"

जी टोपी तिने हॉस्पिटलमध्येही काढली नव्हती, ती. मी पलंगाखाली शोधली, फटीत शोधली. मग सवयीने भिंत ठोकली. पायथ्यापासून उशापर्यंत, वर-खाली. टणक. सगळी भिंत टणक. पोकळी कुठेच नव्हती.

६

डॉक्टर आले, छाती तपासली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा तपासली.

"आवाज एकदम मोकळा आहे. आजींनी आम्हाला खोटं पाडलं," ते म्हणाले. "मशीन लागलं तरच लावा."

ताईने हॉस्पिटलची खाट नको म्हणून कळवलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "हस ना रे! सुतकी तोंड करून काय बसलायस?"

मी हसलो. आई चालायला लागली, दोन वेळा पोटभर जेवायला लागली, आणि घर कसं सणासारखं व्हायला हवं होतं. पण मला एका जागी बसवेना. आई थट्टा करत नव्हती. ताई तिची वेणी घालताना आरसा धरायची, त्यात ती बघत नव्हती. मला ती "मुला" म्हणायची. बरी झाली, दम आला, तरी एकदाही ठिणग्या नाही.

आणि एकच विषय. जेवताना, उठताना, माझ्या मागून येऊन, गोड आवाजात. "मुला, आता मशीन लागत नाही. ते सॉकेट काढून टाक. भोक बुजव."

"असू दे ना आई, टेबलफॅनला होईल."

"नको. वारा येतो त्यातून. बुजव."

एका संध्याकाळी मी म्हणालो, "पाठ थोपटू?" ती तयार झाली. मी पंज्याची वाटी केली आणि खांद्याच्या खाली थोपटलं.

बद्द.

खाली सरकलो. कमरेपर्यंत, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे तोच आवाज. मी आयुष्यभर ऐकलेला, चुकणं शक्य नसलेला. हात थांबवला तेव्हा माझ्या तळव्याला पांढरी, बारीक भुकटी लागली होती.

"थांबलास का?" तिने मागे न बघता विचारलं.

७

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती स्वयंपाकघरात होती, तेव्हा मी प्लेटपाशी बसलो. भांड्यांचा आवाज येत होता. मी मशीन लावलं नव्हतं, खोली शांत होती. आणि कान भिंतीला लावण्याआधीच ऐकू आलं.

टक टक. टक.

पितळेचं. फार हळू, लांबून, पण पितळेचंच.

मी छिन्नी उचलली आणि आवाजाच्या जागी गिलावा फोडला. मागे वीट, घट्ट. धूळ उडाली, आणि भिंतीतून खोकला आला. आईचा खोकला, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. मी त्या खोकल्यापायी किती रात्री जागून काढल्यात. मी छिन्नी खाली ठेवली. आणखी फोडलं तर माझ्याच धुळीने ती गुदमरली असती.

मग मी प्लेटवरची कोरी पट्टी उचकटली. त्या घरातून डब्याचा मागचा भाग दिसतो, आणि तिथे वायरसाठी एक गोल भोक असतं. त्या भोकामागे वीट होती. मी स्वतः त्या विटेत गुट्ट्या ठोकल्या होत्या. टॉर्च लावला तर आता तिथे वीट नव्हती, नुसता अंधार होता आणि कडेची भुकटी जराशी बाहेर येत होती, जराशी आत जात होती. बाहेर. आत. मध्ये खूप वेळ थांबून.

अंधारात काहीतरी चमकलं. पितळी टोपीचा शेंडा, त्यावरचे बारीक खळगे. तो भोकाच्या कडेला टेकला, एकदा टक केलं आणि मागे गेला.

"आई," मी तोंड भोकाला लावून म्हणालो, "मी आहे. ठिणग्या. मी इथेच आहे."

मागे भांड्याचा आवाज थांबलेला होता. वळून पाहिलं तर ती दारात उभी होती. हातात घमेलं, घमेल्यात कालवलेला माल. माल माझ्या पिशवीतला, पण कालवला होता तिने, माझ्यापेक्षा सरस, एकही गाठ नाही.

"मी आणलंय," ती म्हणाली. "घे, बुजव."

मी मशीन ओढून आणलं, प्लग सॉकेटमध्ये घातला, नवी नळी जोडली आणि तिचं टोक त्या भोकातून आत सरकवलं. जेवढी जाईल तेवढी. मग मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने भुकटीचं ये-जा जरा भरभर झालं. मी भिंतीला पाठ लावून बसून राहिलो. ती घमेलं घेऊन समोरच्या खुर्चीवर बसली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

८

ताई शाळेतून आली ती दारातच थबकली.

"भिंतीला ऑक्सिजन लावलायस?"

मी तिला सगळं सांगितलं. पोकळी, ठोकणं, पाठ, टोपी. सांगताना मलाच ते ऐकवत नव्हतं. ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि शाळेतल्या मुलाशी बोलावं तसं बोलली.

"अरे, झोप नाही तुला. आई मरणाच्या दारातून परत आली, आणि तू..."

"भोकाला हात लाव. कान लाव."

तिने कान लावला. मशीनच्या घरघरीत तिला काय ऐकू येणार? आणि आतली टकटक आता इतकी मंद होती की मलासुद्धा ती तळव्यालाच कळत होती. मशीन थांबवून ऐकवायची माझी हिंमत नव्हती.

"ताई, एकच सांग. बरी झाल्यापासून तिने मला एकदा तरी ठिणग्या म्हटलं? एकदा?"

ताई आठवत होती, मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिची मान हळूहळू खुर्चीकडे वळली. तिच्या नजरेत शंका होती, पहिल्यांदाच, आणि मला वाटलं, सुटलो.

"ठिणग्या," खुर्चीतून हाक आली. अगदी आईची, ओढून धरलेली, शेवटी हसू असलेली. "पुरे झालं रे. ताईला दमवू नकोस."

ताईचे डोळे भरून आले. "ऐकलंस? ऐकलंस ना आता?" तिने मला मिठीच मारली. इतकी घट्ट की माझे दोन्ही हात तिच्या मिठीत अडकले.

"ताई, ते नाव तिने आत्ता माझ्याकडूनच ऐकलं. मी भोकात..."

"हो, हो. उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ. तुझ्यासाठी." माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडत होती आणि हसत होती. माझी पाठ भिंतीला टेकलेली असल्यामुळे मला जाणवलं. टक टक. टक. आणि तिच्या खांद्यावरून मला दिसलं की खुर्चीतली उठली आहे, घमेलं कडेवर घेतलंय आणि शांतपणे आमच्याकडे येते आहे.

सॉकेट मी असं बसवलं होतं की दोन हातांनी ओढूनही हललं नसतं. प्लग मात्र एका हाताने निघतो.